हॉर्न वाजवत या

३ मार्च, सोमवार

आजही चालतच गेले. पाय सुजतात म्हणून डॉक्टर रागावतात. पण ह्यांच्या गाडीतून क्वार्टर्सच्या गल्लीत जायचं नाही, हे मी तळावर राहायला आले तेव्हाच ठरवलं होतं. ती काळी गाडी त्या गल्लीत एकाच कामाला जाते. एखादं विमान परत आलं नाही की मागच्या सीटवर हे आणि डॉक्टर बसतात. गाडी गल्लीत शिरते, हळूहळू पुढे सरकते आणि एका दारापुढे थांबते. त्या घरातली बाई बहुतेक वेळा दार उघडायच्या आतच खाली बसलेली असते. बाकीच्या दारांआड सुटकेचे निःश्वास पडतात आणि मग त्या बायका दिवसभर स्वतःशीच शरमत राहतात.

हे मला चिमणीने सांगितलं. बॉम्बर ग्रुपच्या कमांडरच्या बायकोला असलं कुणी सांगत नाही. माझ्यापुढे सगळ्या कशा हसऱ्या असतात! चिमणीला मात्र पोटात काही ठेवता येत नाही. ती एवढीशी आणि नवरा ताडासारखा, म्हणून साऱ्या तळावर ती चिमणी आणि तो लंबू. लंबू बॉम्बर चालवतो. चिमणीला आठवा लागलाय. आई नाही, सासू दूर. म्हणून मी एक दिवसाआड डोकावते.

आज लंबूला सुट्टी होती. गुडघे हनुवटीला लावून स्टुलावर बसून बटाटे सोलत होता.

"काकू, हिला जरा समजवा," मला बघताच म्हणाला. "उद्या मला उडायचंय आणि ही वाटाण्याचं सूप करायला निघालीय."

"मग? वाटाण्यांनी काय घोडं मारलंय?"

"वर हवा विरळ. पोटातला वारा फुगतो. वाटाणे, कोबी, शेंगा, आदल्या दिवशी काहीच चालत नाही. शत्रूची गोळी लागायच्या आधी मीच फुटायचा."

"आणि दाढीचं सांगा की काकूंना!" चिमणी फणकारली. "दाढी बघून तर मी हो म्हटलं. लग्न झालं आणि दुसऱ्या महिन्यात सफाचट."

"मास्क नीट बसत नाही गं. फटीतून प्राणवायू गळतो. दाढी नाही, मिशी नाही, आमच्यात सगळे तुळतुळीत."

चिमणीने त्याच्या गालावर बटाट्याची साल चिकटवली. "घ्या, ही लावा."

परत येताना पाय अगदी भरून आले. घरी वन्सं दारातच उभ्या. ह्यांच्या थोरल्या बहिणीने मला आजवर सरळ प्रश्न कधी विचारलेला नाही. "आलीस? गाडी काय आपण शोभेला ठेवलीय?"

एकतीस तारखेला ह्यांची मुदतवाढ संपते. मग आपलं घर, आपला व्हरांडा, कुंड्यांतले टोमॅटो. एवढा महिना ढकलायचा.

६ मार्च, गुरुवार

माहिती खात्याकडून एक चष्मेवाले गृहस्थ आले होते. साहेब निवृत्त होणार, तेव्हा त्यांच्या जीवनावर आणि सेवेवर वर्तमानपत्रात मोठा लेख यायचाय म्हणे. ह्यांनी त्यांना सरळ माझ्याकडे पाठवून दिलं.

"साहेबांच्या बालपणातला एखादा स्फूर्तिदायक प्रसंग?"

वन्सं कोपऱ्यात विणत होत्या. "बाळ्या झाडावरून पडला होता. हात मोडला."

"म्हणजे उडायची आवड तेव्हापासूनची?"

"पडायची."

गृहस्थांनी ते लिहून घेतलं की नाही, कळलं नाही. मी मग सांगायचं ते सांगितलं. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. गावाबाहेरच्या माळावर एक विमान बिघाड होऊन उतरलं, तेव्हा ह्यांनी त्याच्या इंजिनात डोकं घातलं, ते पुन्हा बाहेर काढलंच नाही. टपालाची विमानं चालवली. धुक्यात रेल्वेचे रूळ बघत बघत टपाल पोचवलं. एकदा शेतात आदळले, गुडघा गेला, तो अजून थंडीत दुखतो. लढाई लागली तेव्हा एका तुकडीचे प्रमुख होते आणि पहिलं विमान नेहमी स्वतःच न्यायचे. मग बढती मिळाली, सबंध ग्रुप हाताखाली आला आणि मुख्यालयाने उड्डाण बंद केलं. पुढच्या मोहिमा ज्याला ठाऊक असतात त्याने शत्रूच्या हाती सापडायचं नसतं. तेव्हापासून हे फक्त पाठवतात. धावपट्टीच्या टोकाला उभे राहून पाठवतात आणि तिथेच उभे राहून वाट बघतात. ही बढती ह्यांना मानवली नाही, हे काही मी चष्मेवाल्यांना सांगितलं नाही.

चादरींची गोष्टही सांगितली नाही. ती आमची आहे.

मी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात शेवटच्या वर्षाला होते. टपालाच्या विमानाची वाट आमच्या शाळेवरून जायची. एका शनिवारी ह्यांनी विमान इतकं खाली आणलं की अंगणात वाळत घातलेल्या साऱ्या चादरी दोऱ्यांवरून उडाल्या. काही फुलांच्या ताटव्यात, काही चिखलात, एक तर प्रार्थनाघराच्या कौलांवर. मदरनी विमानतळावर तक्रार केली. दुसऱ्या दिवशी टोपी हातात धरून एक तरुण दारात उभा. दार उघडलं मीच. मदरनी त्यांच्यापुढे टब ठेवला आणि सगळ्या चादरी पुन्हा धुवायला लावल्या. चादर पिळायला दोघं लागतात. दुसरं टोक मी धरलं.

ते टोक अजून सोडलेलं नाही.

१० मार्च, सोमवार

आज माझ्या हातून फार वाईट झालं.

सकाळी पाय बुटात जाईनात. डॉक्टरांनी चालायला सक्त मनाई केली. चिमणीला काल कणकण होती, तिच्यासाठी सूप केलेलं. गाडी रिकामीच होती. मनात म्हटलं, आज एक दिवस. ड्रायव्हर, ज्याला सारे मामा म्हणतात, त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. काही बोलायला हवं होतं त्याने. पण साहेबांच्या बायकोला तो तरी काय बोलणार?

आज ग्रुप मोहिमेवर गेलेला होता. लंबूही.

गाडी गल्लीत वळली आणि गल्ली गप्प झाली. कुणाचा तरी रेडिओ बंद झाला. पडदे हलले. मी मांडीवर सूपचं भांडं धरून बसलेले. भांडं सांडू नये म्हणून मामा अगदी हळू चालवत होता. तो नेहमी चालवतो तसंच. ते माझ्या ध्यानात आलं तोवर आम्ही चिमणीच्या दारापुढे थांबलो होतो.

चिमणी उंबऱ्यात होती. दाराची चौकट धरून ती खाली सरकत गेली. मी दार ढकलून बाहेर पडले, सूप अंगावर सांडलं, भाजलं. "मी आहे गं! मी आहे! सूप आणलंय नुसतं!" असं मी ओरडत होते. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

तिला उचलून आत नेलं. डॉक्टर येऊन गेले. बाळाचे ठोके ठीक आहेत, पण आता झोपूनच राहायचं. लंबू संध्याकाळी सुखरूप उतरला.

मी बाहेर आले तेव्हा सगळी दारं उघडी होती. कोपऱ्यावरच्या घरातली बाई, जिच्या दारापुढे ही गाडी मागच्या हिवाळ्यात थांबली होती, हाताची घडी घालून उभी होती. ती इथेच राहिली, शिवणकाम करते.

"बाईसाहेब," ती म्हणाली, "सूप चालत आणता आलं नसतं?"

११ मार्च, मंगळवार

सकाळी मामा स्वयंपाकघराच्या दाराशी आला. टोपी काढून उभा.

"बाईसाहेब, मला एक सुचलंय. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मी हॉर्न वाजवीन. चांगला लांब. म्हणजे कळेल की बाईसाहेब आल्यात, सामान आलंय, पाहुणा आलाय, काहीही. हॉर्न म्हणजे घाबरायचं नाही."

"आणि हॉर्न नसला तर?" वन्संनी विचारलं.

मामाने टोपी फिरवली. मी चहा गाळायला घेतला.

हे जेवायला आले तेव्हा सांगितलं. तळावर हॉर्न वाजवायला मनाई आहे, धावपट्टीवरच्या भोंग्याशी घोटाळा नको म्हणून. ह्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "वाजवत जा. आनंदाने वाजवत जा. तेवढंच एक काम त्या गाडीला बरं मिळेल."

१५ मार्च, शनिवार

हॉर्न आता गल्लीत रुळलाय. मामा तर असा वाजवतो की जणू वरात आणलीय. कोपऱ्यावरच्या बाईने त्याला बजावलंय, "अहो, आम्ही घाबरत नाही म्हणून बहिरे करणार का आम्हाला?" पण हसत बजावलं. पोरं गाडीमागे हॉर्नचा आवाज काढत धावतात. चिमणी पलंगावरूनच ओरडते, "ऐकला, ऐकला!"

लंबू आज घरी होता. फार वाळलाय. त्याच्या मोहिमांच्या ठरलेल्या फेऱ्या संपत आल्या होत्या, त्या झाल्या की सुटका. मग मुख्यालयाने फेऱ्या वाढवल्या. सगळ्यांच्याच वाढवल्या.

"पण आम्हाला फारसं डोकं लागत नाही, काकू," बाळाच्या टोपीची लोकर माझ्यासाठी धरून बसला होता. "सगळं पुढच्या विमानाच्या जिवावर. त्याने बॉम्ब सोडले की मागचे सगळे सोडतात. तो बरोबर तर सगळे बरोबर. तो चुकला तर सबंध ग्रुप एकाच चुकीच्या जागी ओततो."

"आणि पुढे कोण असतं?"

"असायचे ते आता नाहीत. आता नवीन येतात, बिचारे. त्यांना पुरता नकाशाही वाचता येत नाही."

"अहो, काकूंपुढे काय बोलताय!" चिमणी म्हणाली आणि मग आम्ही टोपीला गोंडा लावायचा की नाही यावर भांडलो.

ह्यांनी आज जुने फरचे बूट शिपायाकडून चांभाराकडे पाठवले, नवे तळ लावायला. व्हरांड्यात थंडीत घालायला होतील. माळ्यावर पडलेले ते फेकून द्यावेत म्हणून मी कधीची मागे लागले होते. बरं झालं, नाही फेकले.

१९ मार्च, बुधवार

आज गाडी हॉर्न न वाजवता गेली. तीनदा.

हे आले आणि बेसिनपाशी हात धूत उभे राहिले. साबण संपेपर्यंत धुतात की काय असं वाटलं. मी टॉवेल घेऊन मागे उभी.

"अहो, एक मागते. लंबूला बाळंतपण होईस्तोवर खाली ठेवा ना."

"त्याला खाली ठेवला तर त्याच्या जागी दुसरा वर जाईल. त्यालाही कुणीतरी असेलच." आरशात माझ्याकडे बघून म्हणाले. "आज तिसऱ्या दारात म्हातारी आई होती. मला म्हणाली, तुम्ही बसा, तुम्ही दमलात."

मी टॉवेल दिला. दुसरं काय देणार होते? मग, कसं सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "निदान तुमच्या नजरेसमोर तरी ठेवा त्याला."

ते बराच वेळ हात पुसत राहिले. "नजरेसमोर," असं एकदा स्वतःशीच म्हणाले.

२२ मार्च, शनिवार

ह्यांना हल्ली जुन्या आठवणी येतात. निवृत्ती जवळ आली की असंच होत असावं. दुपारी ऑफिसमधून मोठाले फोटो घेऊन आले होते, वरून काढलेले, आणि भिंग लावून बघत होते. मी चहा ठेवला तसा त्यांच्यावर कागद ओढला. मग एकदम म्हणाले,

"तुमच्या शाळेत धुणं शनिवारीच का असायचं गं?"

मला हसू आलं. "रविवारी प्रार्थनेआधी साऱ्या बिछान्यांवर स्वच्छ चादरी लागायच्या. मदरचा नियम. दुनियेतल्या सगळ्या कॉन्व्हेंटांत असाच असेल. का? पुन्हा धुवायच्यात?"

"सगळ्या कॉन्व्हेंटांत?"

"आम्हाला तसंच सांगायचे. चौकोनी इमारत, मधे अंगण, कोपऱ्यात प्रार्थनाघर आणि शनिवारी चादरी. सिस्टर म्हणायच्या, तुम्ही कुठेही गेलात तरी अंगण ओळखीचंच वाटेल."

"कारखान्याशेजारी कुणी अशी शाळा बांधील का?"

"शाळा आधी असेल. कारखाना मागून आला असेल. आमच्याही शेजारी नाही का गिरणी आली?"

"हो," म्हणाले. "वरून तुमची शाळा हातरुमालाएवढी दिसायची."

चहा गार झाला. मी दुसरा करून आणला तर तोही गार करून टाकला.

२५ मार्च, मंगळवार

आज घरात बॉम्ब पडला! सकाळी न्हाणीघरातून बाहेर आले ते मिशीशिवाय! लग्नाच्या फोटोतही ती मिशी आहे. वरचा ओठ कसा पांढरा, कोवळा, अनोळखी दिसत होता. मी हसतच सुटले. म्हटलं, निवृत्तीच्या आधीच तरुण झालात की.

वन्सं हसल्या नाहीत. चहाचा कप खाली ठेवला. "बाळ्या, हे कशाला?"

"गरम होतं."

"मार्चात?"

"ताई, चहा घे."

शिपायाने जेमतेम हसू दाबलं. ग्रुप कमांडरला कुणी बाळ्या म्हणतं हे तो बाहेर जाऊन सांगणार, हे नक्की. वन्सं उठून खोलीत गेल्या. दुपारी बघते तर ह्यांचे जुने कातडी हातमोजे मांडीवर घेऊन उसवलेली शिवण घालतायत. मी म्हटलं, आता ते कशाला, घरी गेल्यावर बागकामाला नवे घेऊ. त्यांनी नुसता दोरा ओवला. टाके मात्र असे दुहेरी घालत होत्या की जन्मात उसवणार नाहीत. माझ्यावर कशावरून रागावल्या आहेत कोण जाणे.

पेट्या भरायला घेतल्या. पडदे काढले तशी खोली एकदम परक्याची झाली.

२८ मार्च, शुक्रवार

वाटाणे मोठ्या मुश्किलीने मिळाले होते. ह्यांना आवडतात म्हणून लोण्यात परतले. ह्यांनी ताटाच्या कडेला सारून ठेवले. पोट बरं नाही म्हणाले. वन्सं आपलं ताट तसंच ठेवून उठल्या. एकाच जेवणात दोघा भावंडांनी माझ्या वाटाण्यांचा अपमान केला. मी एकटीने खाल्ले.

जेवणानंतर ह्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे ठेवला. घराची, कपाटाची, टपालपेटीची. "तुझ्याकडे असू दे. मी हरवतो."

"कधी हरवलीत आजवर?"

"आजवर नाही."

मग गुडघ्याला तेल लावून मागितलं. मी खाली बसून चोळत होते तर माझ्या केसांवर हात ठेवून नुसते बसले. म्हणाले, "उद्या यायला उशीर होईल. शनिवार आहे ना."

शनिवारी काय असतं म्हणून विचारायचं होतं. पण ते डोळे मिटून बसले होते, म्हटलं राहू दे.

आता तीनच दिवस.

२९ मार्च, शनिवार

वन्संनी आत्ता सांगितलं. सकाळी विमानं गेली त्यानंतर त्या देवापुढे बसाव्यात तशा खिडकीपुढे बसून होत्या. मी पेटीचं झाकण दाबायला मदत मागितली तर म्हणाल्या, "अगं, तुला खरंच कळलं नाही? मिशी गेली. वाटाणे गेले. बूट, हातमोजे. पहिल्या विमानात बाळ्या आहे."

"त्यांना मनाई आहे."

"मनाईला तो कधीपासून विचारायला लागला? मुख्यालयाला कळेल तोवर तो परत आलेला असेल. नाहीतर नसेल."

मी टॉवरला फोन केला. तिथला अधिकारी नुसतं "बाईसाहेब" म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

पेटीवर बसून हे लिहितेय. हात कशात तरी गुंतलेला बरा, असं सिस्टर सांगायच्या. एक विचार मनातून जात नाही. बातमी घेऊन जायला गाडीत नेहमी हे बसतात. आज गाडीत कोण बसेल?

दुपार होऊन गेली. ढग आलेत. काही विमानं दुसऱ्या तळांवर उतरली म्हणतात, त्यामुळे कोण आलं, कोण नाही, कुणालाच सांगता येत नाही. वन्संनी चहा केला. त्यांना चहा येत नाही. मी प्यायले.

आमच्या घराकडचा रस्ता अगदी सरळ आहे. हॉर्न लांबूनही ऐकू येईल.

३० मार्च, रविवार

काल राहिलेलं लिहून टाकते. न लिहिता झोप लागणार नाही आणि लिहूनही लागेलसं वाटत नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत हॉर्न आला. आमच्या फाटकाशी नाही, पार धावपट्टीच्या नाक्यापासून. मामाने हात हॉर्नवर ठेवला तो काढलाच नाही. मेसवरून, दवाखान्यावरून, क्वार्टर्सची गल्ली जिथे फुटते त्या वळणावरून, सबंध तळाला ऐकवत तो आला. मी वन्संना मिठी मारली. आयुष्यात पहिल्यांदा. त्या म्हणाल्या, "पुरे, हाडं मोडतील," आणि सोडलं मात्र नाही.

मामा रडत होता आणि हॉर्न वाजवत होता. "साहेब आले! बाईसाहेब, साहेब आले!"

ह्यांना डॉक्टरांनी धरून उतरवलं. चेहऱ्यावर मास्कची कड रुतली होती, तिच्या आतला चेहरा पांढरा आणि बाहेरचा काजळीने काळा. उजवा हात गोठून सुजलेला. पायरीपर्यंत आले आणि गुडघ्याने दगा दिला. तिथेच बसले. मीही शेजारी बसले. बूट सोडायला घेतले.

"ढग होते," ते म्हणाले. "पहिल्या फेरीत कारखाना दिसलाच नाही नीट. दिसल्यासारखा वाटला. मागे सगळे माझ्या बॉम्बांची वाट बघत होते. मी सोडले नाहीत. पुन्हा वळवलं सगळ्यांना."

"बरं. आत चला."

"दुसऱ्या फेरीत ढग फाटला. तेव्हा दिसलं. पहिल्यांदा सोडले असते तर..." डाव्या हाताने हवेत एक छोटा चौकोन काढला. "चादरी होत्या गं. अंगणभर."

मला वाटलं थकव्याने बडबडतायत. मग वाटलं नाही.

"कारखान्यावरच पडले," ते म्हणाले. "सगळे. फक्त कारखान्यावर. पण वळलो ना पुन्हा. त्यांच्या तोफांना नेम धरायला वेळ मिळाला. तो माझ्या उजवीकडे होता. तू म्हणाली होतीस म्हणून. नजरेसमोर ठेवला होता."

बुटाची नाडी माझ्या हातात तशीच राहिली.

"हवाई छत्री उघडली कुणाची?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. "मी बघत होतो. शेवटपर्यंत बघत होतो."

मग ते उठायला लागले. जायचं होतं त्यांना, नेहमीसारखं. डॉक्टरांनी खांदे धरले, "साहेब, तुम्हाला उभं राहता येत नाहीये." हे ऐकेनात. तळहाताने पायरी दाबून उठायचे आणि पुन्हा बसायचे. वन्सं पुढे झाल्या. "बाळ्या, बस," एवढंच म्हणाल्या आणि ते बसले.

मी म्हटलं, "मी जाते."

टोपी तयार होती, गोंड्यासह. घ्यावी की नाही हे ठरेना. नाही घेतली.

मामा अजून डोळे पुसत होता. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मी मागे बसले, डॉक्टर शेजारी. गाडी निघाली आणि वळणाशी आल्यावर त्याचा हात सवयीने पुढे गेला.

"मामा," मी म्हटलं, "हॉर्न नको."

त्याने आरशात माझ्याकडे बघितलं. हात मांडीवर घेतला. मग तो इतकं हळू चालवू लागला की चाकांखालची खडी एकेक ऐकू यावी.

पण गल्ली गप्प झाली नाही. रेडिओ चालूच राहिले. कुणाच्या दारात कुणी भांडी घासत होतं, पोरं पळत गाडीजवळ आली. कोपऱ्यावरची बाई मात्र शिवण खाली ठेवून उभी राहिली. तिने खिडकीतून माझं तोंड पाहिलं, पोरांना एकेक करून मागे ओढलं आणि आमच्या मागून चालू लागली.

चिमणीला उठायला मनाई आहे. तरी ती दारात होती. एक हात पोटाखाली, दुसरा चौकटीवर. केस विंचरलेले, ओठांना रंग लावलेला. हसत होती.

"मघाशी ऐकला हं आम्ही, काकू, पार त्या टोकाचा!" ती म्हणाली. "आता थकले वाटतं मामा वाजवून?"